सागरेश्वरचे कुंपण



आमच्या सातारा-सांगलीच्या मुलखातील माणसास कोणी विचारावे की, घरी पाहुणे आले असता त्यांस कोठे न्याल, तर तो बहुधा महाबळेश्वर, पाचगणी, नाहीतर कासचे पठार ही नावे घेईल. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासचे नाव 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून तर भाद्रपदात तेथे फुलांपेक्षा मोटारीच अधिक फुललेल्या दिसतात. सागरेश्वराचे नाव सहसा कोणी काढीत नाही. तेथे थंड हवा नाही, धबधबा नाही, भाजलेली कणसे विकणारांची रांगही नाही. एक लहानसा डोंगर, त्याच्या कुशीत जुनी देवळे, आणि अंगावर मनुष्याने लावलेले रान, एवढेच तेथे आहे. आज मी त्या रानाविषयी चार शब्द बोलणार आहे.

गेल्या पौषात एका रविवारी मी माझ्या नातीस घेऊन तेथे गेलो होतो. साताऱ्याहून सकाळच्या गाडीने निघावयाचे, ताकारी स्टेशनावर उतरावयाचे, ज्यास आमच्याकडे वडाप म्हणतात त्या भाड्याच्या जीपगाडीतून डोंगरापर्यंत जावयाचे आणि दिवस मावळण्याच्या आत परत फिरावयाचे, असा साधा बेत होता. मुलगी पाचव्या इयत्तेत आहे. फाटकाशी तिकिटे काढून आम्ही आत पाऊल टाकतो न टाकतो तोच तिने डावीउजवीकडे गेलेल्या जाळीकडे बोट दाखवून विचारले, “आजोबा, हे कुंपण कुणासाठी? आतल्यांसाठी की बाहेरच्यांसाठी?” पस्तीस वर्षे मुलांपुढे उभा राहिलेला मनुष्य असल्या प्रश्नास तत्काळ उत्तर देतो, आणि ते पुष्कळदा अपुरे असते. “दोघांसाठी,” असे म्हणून मी पुढे चालू लागलो. परंतु दिवसभर जे पाहिले व ऐकले त्यावरून माझ्या ध्यानात आले की, सागरेश्वराची सगळी कथा ह्या एका प्रश्नात साठविलेली आहे.

प्रथम हे स्थळ कोठे आहे ते सांगतो. कडेगाव, वाळवा आणि पलूस ह्या तीन तालुक्यांच्या शिवा जेथे एकमेकींस मिळतात तेथे ही डोंगराची सोंड आहे. जवळच देवराष्ट्रे हे गाव. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म 12 मार्च 1913 रोजी ह्याच गावी, त्यांच्या आजोळी झाला. हा सारा मुलूख त्या वेळी सातारा जिल्ह्यातच मोडत असे. 1949 साली दक्षिण सातारा असा निराळा जिल्हा करण्यात आला आणि 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. म्हणून साताऱ्याच्या माणसास सागरेश्वर परके वाटत नाही. निदान माझ्या पिढीच्या माणसास तरी वाटत नाही.

आता हा डोंगर मुळात उघडा का होता, हे पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर कोयनानगरास वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून सरळ रेषेने पूर्वेकडे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आले की सागरेश्वर लागते, आणि येथे तोच पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. समुद्रावरून येणारे ओलसर वारे सह्याद्रीच्या भिंतीस थडकून वर चढतात, वर गेले म्हणजे गार होतात, आणि गार झाले की आपले ओझे तेथेच टाकून देतात. माथा ओलांडून ते पूर्वेकडे उतरू लागले म्हणजे पुन्हा तापतात आणि उरलेसुरले ढगही विरून जातात. ह्यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. नाव गोड आहे. पण ह्या छायेत वाढलेल्या माणसास तिचा ताप ठाऊक असतो. शिवाय डोंगर काळ्या कातळाचा, वर वीतभर मुरूम, आणि त्या मुरमावर शेकडो वर्षे गुरे, शेळ्यामेंढ्या आणि सरपणासाठी फिरणारी कुऱ्हाड.

हा डोंगर मी प्रथम पाहिला तो 1973 साली. आदल्या वर्षीचा दुष्काळ आठवणारी माणसे अजून पुष्कळ आहेत. श्रावणी सोमवारी वडील मला सागरेश्वराच्या दर्शनास घेऊन आले होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. देवळांपाशी थोडी झाडे होती. तेथून वर मान करून पाहिले तर डोंगर एखाद्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखा दिसे, हाडे वर आलेली आणि मधून मधून केसांचे पुंजके. श्रावण असूनही ती स्थिती. वडील म्हणाले, “पाऊस पडतो रे, पण ह्याच्या अंगी लागत नाही.” ते शेतकरी होते. त्यांच्या त्या वाक्यात जे शास्त्र होते ते मला पुढे भूगोल शिकविताना उमगले. उघड्या उतारावर पडलेले पाणी क्षणभरही थांबत नाही, खाली धावताना मातीही घेऊन जाते. गवत व पालापाचोळा असलेल्या उतारावर तेच पाणी अडखळते आणि अडखळले म्हणजे मुरते.

ह्या उघड्या डोंगरावर रान उभे करावयाचे, ही कल्पना ज्यांनी मनावर घेतली त्यांत धों. म. मोहिते यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. हे शेजारच्या मोहित्यांचे वडगाव येथले. वृक्षमित्र ह्या नावानेच लोक त्यांस ओळखतात. त्यांच्या खटपटीस सरकारच्या वनखात्याची जोड मिळाली. 1980 ते 1985 ह्या काळात येथे मृगविहार म्हणून हरणांच्या जातीचे पन्नासेक प्राणी आणून सोडण्यात आले, आणि 1985 साली ह्या जागेस अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र 10.87 चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे 2,700 एकर. येथे बारमाही पाण्याचा झरा नाही. झाडे लावलेली, जनावरे आणलेली आणि पाणीही पुरविलेले, असे हे आपल्या राज्यातले मनुष्यनिर्मित अभयारण्य आहे.

रान लावणे म्हणजे रोपे लावणे अशी आपणा शहरवासीयांची समजूत असते. पावसाळ्याच्या आरंभी एक खड्डा, एक रोप, एक छायाचित्र. पण ज्यांनी डोंगरावर झाडे जगविली आहेत ते सांगतील की, रोप हा त्यातला लहान भाग होय. आधी उतारावर आडवे, एका पातळीत चर खणावे लागतात, म्हणजे धावणारे पाणी त्यांत बसते. ओघळीच्या तोंडाशी दगड रचावे लागतात. आणि ह्या सर्वांहून मोठे काम म्हणजे चराईबंदी व कुऱ्हाडबंदी. चरणाऱ्या जनावराचे दात गवताची निवड करतात. मारवेल, पवना असली गोड गवते ते आधी संपविते, आणि मागे राहते ती कुसळी, जिची कुसे धोतरास टोचून बसतात आणि जी पक्व झाल्यावर गुरेही तोंडात धरीत नाहीत. वर्षानुवर्षे असे चालले म्हणजे डोंगर कुसळीचा होतो, पुढे तीही विरळ होते. हेच जनावर चार-पाच पावसाळे बाहेर ठेवा. जमिनीत दडून राहिलेली मुळे व बिया वर येतात. बाभूळ, हिवर, खैर, आपटा ही झाडे पुष्कळदा कोणी न लावताही उठतात, कारण त्यांची खोडके तेथे होतीच. शेळी त्यांस दरसाल वीतभरावर छाटीत होती एवढेच.

म्हणून नातीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, कुंपण हे बाहेरच्यांसाठी होते. बाहेरचे गुरू, बाहेरची कुऱ्हाड आत येऊ नये म्हणून. त्या अर्थाने हे रान झाडे लावणाऱ्यांनी जितके उभे केले तितकेच कुंपण राखणाऱ्यांनीही. आणि ज्यांची शेळी बाहेर राहिली त्यांनीही, हे आपण विसरतो. डोंगर बंद झाला तेव्हा कोणा तरी बाईस सरपणासाठी कोसभर अधिक चालावे लागले असेल. तिचे नाव कोणत्याही पाटीवर नाही.

आता थोडे आमच्या फेरफटक्याविषयी. देवळे प्रथम पाहिली. एक मुख्य देऊळ आणि त्याच्याभोवती लहान लहान दगडी देवळांचा दाट मेळावा, जणू आजीभोवती नातवंडे बसली आहेत. सकाळी तेथे गार सावली असते आणि पारव्यांच्या घुमण्याखेरीज दुसरा आवाज नसतो. मग फाटकातून आत. आमच्याबरोबर एक वनमजूर आले. बेताचेच बोलणारे गृहस्थ. परंतु धुळीत उमटलेल्या खुणा ते वर्तमानपत्र वाचावे तशा वाचीत. खुराच्या ठशाचे अणकुचीदार टोक ज्या दिशेस, त्या दिशेस जनावर गेले, हा पहिला पाठ त्यांनी नातीस दिला. चितळाचा ठसा लहान व निमुळता, सांबराचा त्याहून बराच मोठा, रानडुकराच्या ठशामागे पुष्कळदा दोन बारीक टोचे, हा दुसरा. तिने ते सर्व वहीत काढून घेतले.

चढ फार नाही. माझ्यासारख्या साठी उलटलेल्या मनुष्यासही दोन ठिकाणी बसून तो पार करता येतो. पौषात गवत वाळून सोनेरी झालेले असते. हिवर, खैर, कडुनिंब, चिंच, सीताफळ ही ओळखीची मंडळी भेटतात; मध्येच निलगिरी आणि गिरिपुष्प. ही शेवटची दोन पाहून मी वनमजुरांकडे पाहिले, ते हसले. त्या काळी सर्वत्रच लवकर वाढणाऱ्या परदेशी झाडांची हौस होती. डोंगर हिरवा दिसावा ही घाई समजण्यासारखी आहे. पण निलगिरीचा पाला हरीण खात नाही आणि तिच्याखाली गवतही धड येत नाही. हिरवेपणा आणि चारा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे डोंगराने सर्वांस हळूहळू शिकविले.

चितळांचा एक कळप आम्हांस दिसला, दहा-बाराचा. ऊन आणि सावली ह्यांच्या ठिपक्यांत ते इतके मिसळून गेले होते की, त्यांतील एकाने कान हलविला तेव्हाच आम्हांस समजले की आपण इतका वेळ त्यांच्याकडेच पाहत होतो. पुढे झाडीत एक सांबराची मादी उभी होती. तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला, एकदा मोठ्याने भुंकल्यासारखा आवाज केला आणि नाहीशी झाली. मोर तर पदोपदी. काळवीट मात्र दिसले नाही, आणि त्याचे कारण आहे. काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी. दूरवर दिसणे आणि वाऱ्यासारखे धावणे हेच त्याचे संरक्षण. सांबरास दाट झाडीचा डोंगर हवा, चितळास झाडी व गवत ह्यांची सीमा हवी. ही तिन्ही कुळे तीन प्रकारच्या घरांत राहणारी; येथे त्यांस एकाच चाळीत बिऱ्हाडे दिली आहेत. झाडे जसजशी वाढली तसतसे सांबराचे घर सुधारले आणि काळविटाचे आखडले.

वाटेत एका झुडुपाखाली सांबराचे गळलेले शिंग सापडले. त्यावर दातांच्या खोबणी होत्या. वनमजूर म्हणाले, हे साळिंदराचे काम. शिंगातील चुन्यासाठी साळिंदर ते कुरतडते. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण सुशिक्षितांसही ती पुष्कळदा ठाऊक नसते. चितळ, सांबर, भेकर ह्यांची शिंगे भरीव असतात, ती गळतात व पुन्हा नवी फुटतात. काळविटाची शिंगे गाईबैलांप्रमाणे आत पोकळ असून जन्मभर तीच राहतात. म्हणजे हरीण ह्या एका शब्दात आपण दोन निराळी घराणी कोंबतो. नातीस ते शिंग घरी न्यावयाचे होते. वनमजुरांनी मान हलविली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गळलेले शिंगही नेता येत नाही. तिने ते जेथे होते तेथे ठेवले, थोडे नाराजीनेच.

माथ्यावर किर्लोस्कर पॉइंट म्हणून जागा आहे. तेथून कृष्णेचे खोरे दिसते. मध्ये नदीचे वळण, दोन्ही बाजूंस उसाचा अखंड हिरवा गालिचा, मधून मधून द्राक्षांचे मांडव, आणि साखर कारखान्यांच्या धुरांड्यांतून निघणारा पांढरा धूर. किर्लोस्करवाडी ह्याच बाजूस आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 साली औंधच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर आले, तेव्हा तेथेही निवडुंगाने भरलेला माळच होता. कुंडलही जवळच, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे ते मोठे ठाणे. आता त्याच कुंडलास वनाधिकाऱ्यांना शिक्षण देणारी प्रबोधिनी आहे. पण मला त्या माथ्यावरून जे विशेष जाणवले ते निराळेच. 1973 साली मी डोंगर उजाड पाहिला होता आणि खालची पुष्कळशी राने कोरडवाहू, ज्वारीची. आज खालचे शिवार डोंगराहूनही हिरवे आहे. ताकारी उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढविले आणि जेथे पावसाच्या भरवशावर शाळू निघत असे तेथे बारमाही ऊस उभा राहिला. डोंगरावरचे रान मात्र पानगळीचे. माघ-फाल्गुनात ते वाळते, पाणवठे माणसांनी भरावे लागतात. म्हणजे ज्या महिन्यांत हरणास आत खावयास कमी, नेमक्या त्याच महिन्यांत कुंपणापलीकडे हिरवेगार पान उभे.

येथे मला मास्तरकीची सवय आवरत नाही. थोडे गणित करू. 10.87 चौरस किलोमीटर क्षेत्र चौकोनी आहे असे धरले, तर त्याची एक बाजू सुमारे 3.3 किलोमीटर येते आणि चारी बाजूंची कड 13 किलोमीटरांहून किंचित अधिक. प्रत्यक्षात डोंगर वेडावाकडा असल्यामुळे कड याहून मोठीच. आता आमच्याच पश्चिमेकडील चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान घ्या. त्याचे क्षेत्र 317.67 चौरस किलोमीटर, म्हणजे सागरेश्वराच्या एकोणतीस पट. पण तेही चौकोनी धरले तर कड भरते सुमारे 71 किलोमीटर, म्हणजे केवळ साडेपाच पट. दुसऱ्या शब्दांत, सागरेश्वरात दर चौरस किलोमीटर रानामागे सुमारे 1.2 किलोमीटर कड राखावी लागते. चांदोलीत पाव किलोमीटराहूनही कमी. आणि आमच्या चौकोनी सागरेश्वराच्या अगदी मध्यभागी उभे असलेले सांबर कोणत्याही बाजूस निघाले तरी अर्ध्या तासात शेताच्या बांधाशी येते. लहान रानास आतला भाग असा फारसा नसतोच. ते बहुतेक कडच असते. आपल्या घरांतही हाच अनुभव येतो. वाड्याच्या माजघरात रस्त्याचा आवाज पोहोचत नाही; दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात प्रत्येक खोली रस्त्यावरच असते.

दुसरे गणित प्राण्यांचे. चितळाच्या मादीस एका वेळी बहुधा एकच पाडस होते. पण ती दुसऱ्या वर्षातच वयात येते आणि वर्षातील कोणत्याही ऋतूत विऊ शकते. समजा, पन्नास जनावरे आहेत आणि कळप दर चार वर्षांनी दुप्पट होतो. तर चार वर्षांनी शंभर, आठांनी दोनशे, बारांनी चारशे, सोळांनी आठशे. ही शिरगणती नव्हे, पाटीवरचे गणित आहे. मोठ्या अरण्यात हे गणित वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे पुसून टाकतात. सागरेश्वरात प्राणी आणले तेव्हा हे पुसणारे कोणी आणले नाहीत, व आणणे शक्यही नव्हते. तरस, कोल्हे आहेत. ते एखादे पाडस नेतील, कळप आवरू शकणार नाहीत. बरे, कुंपण भक्कम असेल तर आणखी एक अडचण. आतल्या आत पिढ्यान् पिढ्या नाती जुळत राहिली म्हणजे वंश दुर्बळ होतो. आपण सोयरीक करताना गोत्र पाहतो. कुंपणात कोंडलेल्या कळपास ती सोय नाही.

तेव्हा प्रश्नाचे दुसरे उत्तर असे की, कुंपण आतल्यांसाठी झाले. ज्या जाळीने शेळी बाहेर ठेवून रान उभे केले, तीच आता हरीण आत ठेवू पाहते. आणि पहिले काम तिने जितके चोख केले तितके दुसरे तिच्याने होत नाही. शेळीमागे निदान धनी असतो, त्यास समजाविता येते, दंड करता येतो. भुकेल्या सांबरास कोण समजाविणार?

वनखाते हातपाय हलवीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. येथील चितळ पकडून चांदोलीच्या रानात सोडण्याची योजना आखण्यात आली, हा मला ह्या सर्व प्रकरणातील शहाणपणाचा भाग वाटतो. चांदोली आणि कोयना मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे वाघ टिकावयाचा तर त्यास भक्ष्य हवे, आणि येथे भक्ष्य आहे पण वाघ नाही. मात्र हरीण हलविणे म्हणजे मेंढरे हाकणे नव्हे. जाळ्यात धरले तर केवळ भीतीने त्याचे स्नायू आखडून ते मरते. म्हणून आफ्रिकेतून आलेली बोमा नावाची रीत आपल्या देशात वापरतात. नरसाळ्याच्या आकाराचे, कापडाने झाकलेले मोठे आवार उभारावयाचे. त्याच्या रुंद तोंडाशी चारा-पाणी ठेवून जनावरांस त्याची सवय होऊ द्यावयाची. आणि एके दिवशी कळप आत आला म्हणजे पडदे ओढीत, त्यास हात न लावता, निमुळत्या टोकाशी उभ्या केलेल्या गाडीत चढू द्यावयाचे. ह्या कामास घाई चालत नाही.

माझ्या अल्पमतीने आणखी एक गोष्ट व्हावी. निलगिरीच्या जागी हळूहळू मारवेल-पवन्याची कुरणे वाढवावीत. आत पोट भरले तर बाहेर जाण्याचे निम्मे कारण संपते. मी ह्या विषयातील तज्ज्ञ नव्हे. परंतु ज्या वर्गात मुले पळून जातात त्या वर्गाच्या भिंती उंच करण्यापेक्षा आत काय शिकविले जाते ते पाहावे, एवढे मला अनुभवाने ठाऊक आहे.

दुपारी आम्ही खाली उतरलो. रस्त्यालगत चहाची एक टपरी आहे, तेथे बाकावर एक शेतकरी बसले होते. माझ्या टोपीवरून की बोलण्यावरून कोण जाणे, त्यांनी मला लगेच गुरुजी करून टाकले. आम्ही हरणे पाहून आलो हे ऐकून ते म्हणाले, “लोकं लांबनं येत्यात हरणं बघायला, बरं वाटतं. पर माझ्या रानात ती रोज येत्यात, त्येचं तिकीट कुणी काढायचं, गुरुजी?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. डोंगर उघडा होता तेव्हाचा त्यांस आठवत होता. रान झाल्यापासून विहिरीस पाणी टिकते, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. शाळू, हरभरा आणि उसाची कोवळी लावण ह्यांवर रात्री सांबरे व डुकरे पडतात. “भरपाई मिळती, न्हाई असं न्हाई,” ते म्हणाले. “पर रातभर माळ्यावर बसून डबा वाजवायचा, त्येची भरपाई कुठल्या कागदावर लिवायची?” अलीकडे उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर वाढल्यामुळे रात्री माळ्यावर जाणेही सोपे राहिलेले नाही. हरणांची संख्या आवरणारा कोणी नाही म्हणून आपण हळहळतो. तो आला तर ह्या मनुष्याच्या घराजवळूनच येणार.

चहा झाल्यावर त्यांनी आम्हांस आपले रान दाखविले. अगदी कुंपणास लागून. वरच्या बांधावर जाळी एके ठिकाणी खालून उचलली गेली होती आणि तारेच्या टोकांस राखट केसांचा झुबका अडकला होता. अलीकडे उसाच्या सरीत आदल्या दिवशी पाणी दिलेले, त्यामुळे माती मऊ. नात खाली बसली. वही उघडून तिने सकाळी काढलेली चित्रे जमिनीवरच्या ठशांशी ताडून पाहिली.

“सांबर आहे, आजोबा,” ती म्हणाली. मग थोडा वेळ ती गप्प होती. काही ठशांची टोके उसाकडे होती, काहींची डोंगराकडे. तिने दोन्ही मोजले. बाहेर आलेले ठसे अकरा निघाले, परत आत गेलेले नऊ; दोन आमच्याच पायांखाली पुसले गेले असावेत, असे शेतकरी म्हणाले. “पोट भरलं की म्हाघारी जात्यात,” त्यांनी सांगितले. “उजाडायच्या आत. घर वरच हाय न्हवं त्यांचं.”

नातीने पान उलटून दोन्ही बाजूंचे बाण काढले व मध्ये एक वाकडीतिकडी रेघ ओढली. शेतकऱ्यांनी तिला सोलाण्याचा एक डहाळा उपटून दिला. ताकारीस गाडीला अजून अवकाश होता, म्हणून आम्ही बांधाबांधाने चालत रस्त्याला लागलो.